झोपेचा रकाना

गोळीबार चौकाच्या मागे, जिथे पूर्वी हातमाग होते,
त्या टिनाच्या शेडमध्ये निखारे मास्तरांची व्यायामशाळा.
मागाचे खड्डे बुजवून वर रबर अंथरलंय,
तरी जड बार खाली आला की
जमीन एका जागी पोकळ वाजते.

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
तिन्ही दिवस अख्खं अंग.
आज पाय, उद्या छाती, परवा पाठ असलं इथं चालत नाही.
"शरीराचे वाटे घालाले
हे काय बुधवारीतलं मटण आहे का वं?"
मास्तर म्हणतात, आणि वही मागतात.

वहीत मी आखलेले रकाने:
स्क्वॉट, बेंच, रो, डेडलिफ्ट, किलो, किती वेळा.
अगदी शेवटी, लाल पेनानं त्यांनी ओढलेला एक: झोप.
ते वही उजवीकडून वाचायला घेतात.

मी मेडिकलमध्ये नर्स.
मे महिन्यात उष्माघाताचे पेशंट,
स्ट्रेचर संपले की चादरीत धरून आणायचे.
चादरीची चार टोकं, चार माणसं,
एक टोक कायम माझं.
ते किलो कुठल्या रकान्यात भरायचे
कुणी सांगितलं नव्हतं.

सलग नववी नाईट संपवून आले त्या शुक्रवारी
झोपेपुढे मी सात लिहिलं.
निळ्या पेनानं, ठळक.
मग सत्तर किलो. मागच्या आठवड्यात पाचदा उठलेले सत्तर.
खाली बसले
आणि तळाशी कुणीच नव्हतं.
पाय होते, पाठ होती, श्वास धरलेला होता,
हाक मारल्यावर ओ देणारं कुणी नव्हतं.
रॅक हादरला. जमीन पोकळ वाजली.
कोपऱ्यातली पोट्टी आरशातून बघत राहिली.

मास्तर आधी काही बोलले नाहीत.
एकेक प्लेट उतरवली, उजव्या हातानं.
डावा हात त्यांचा एकोणनव्वदपासून खांद्याच्या वर जात नाही.
रेल्वेच्या भरतीसाठी दोन्ही वेळा उचलायचे,
रविवारसुद्धा पाळायचे नाहीत.
आता चहाची किटलीही उजव्यानंच.
"आठवडाभर नुसता बार," म्हणाले.
"मले खोटं लिहून दाखवशीन,
अंगाले काय दाखवशीन?"

वीस किलो.
घरचं गॅस सिलिंडर याहून जड.
सोमवारी वीस. बुधवारी वीस.
शेजारी पोरं ऐंशी-नव्वद घालून डरकाळ्या फोडत होती,
आणि त्या विसात मला माझा डावा गुडघा दिसला,
आत कलणारा,
कोण जाणे किती महिन्यांपासून.

मंगळवार, गुरुवार: काही करायचं नाही.
हाच सगळ्यांत अवघड सेट.
कूलरला नवा वाळा, पाण्याची टपटप,
खिडकीवर ओलं पोतं,
बाहेर सेहेचाळीस, रस्त्यावर कुत्रं नाही.
पडून राहिले. मांड्यांत कुणीतरी
तुटलेले धागे पुन्हा सांधत होतं,
घाई न करता, मला न विचारता.
तीनला उठून दहीभात खाल्ला, चार उकडलेली अंडी,
परत झोपले.
सासूबाई दारातून दोनदा डोकावून गेल्या,
बरी आहे ना म्हणून.

सत्तर पुन्हा उठले का?
उठले, चारदा.
पाचव्यांदा मी मागितलं नाही.

काल परत नाईट होती.
चादरीतून सहा जण. सहाव्याच्या वेळी
माझं टोक मी दोन्ही हातांनी धरलं,
तरी बोटं उघडत होती.
आज वहीत झोपेपुढे लिहिलं: अडीच.

मास्तरांनी वही मिटली.
बाकावरची धूळ गमछानं झटकली,
चहा ओतला, दोघांचाही.
बसून प्यायलो.
बार रॅकवरच होता,
दुपारचा तापलेला,
हात लावला असता तर चटका बसला असता.